मिशी, कान आणि चोर्ला घाट

शेवटी परवा तिकिटं काढली. फेब्रुवारी, सात दिवस, अंदमान, आम्ही दोघंच, आणि त्यातले साडेतीन दिवस सिलेंडर लावून पाण्याखाली. लग्नाला दहा वर्षं होतायत त्या निमित्ताने. निमित्त मिळालं म्हणून मुहूर्त तरी लागला, नाहीतर हे प्लॅनिंग सव्वा वर्ष चाललंय आमचं, एवढ्या वेळात माणसं घर बांधून वास्तुशांत करतात. लिहायला बसले कारण गेल्या महिन्याभरात तिघांनी फोन करून विचारलं, "तुम्ही गोव्यातलेच ना, मग स्कूबाचं कुठलं पॅकेज चांगलं ते सांग की." पॅकेजचं नाव मी सांगणार नाही, मला माहीतही नाही, पण नवरा-बायकोने मिळून हा उद्योग करायचा असेल तर काय काय आडवं येतं ते सांगू शकते, कारण आम्हाला सगळंच आडवं आलंय.

आधी हे सांगते की गोव्यातल्या माणसाला समुद्र कळतो हा बाहेरच्यांचा गैरसमज आहे. माझं माहेर वाळपईकडे, आमच्याकडे विहीर आणि नदी, समुद्र नाही. सासर म्हापशाचं, बागा बीच अर्ध्या तासावर, पण आमचा समुद्राशी संबंध म्हणजे पुण्याचे पाहुणे आले की त्यांच्या चपला आणि मोबाईल सांभाळत वाळूत उभं राहायचं आणि पोरांवर "पुढे जाऊ नका रे" म्हणून ओरडायचं, बाकी समुद्रातलं काय ते शुक्रवारच्या बाजारात बर्फावर बघायचं. नवऱ्याची तर त्याहून वरची तऱ्हा, गुडघ्याच्या वर पाणी आलं की याला ऑफिसचा फोन येतो.

तर दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरचा माझा मामेभाऊ बायकोला घेऊन आला आणि त्याच्या हट्टापायी आम्ही चौघांनी बीचवरच्या एका टेबलावर माणशी १८०० भरून ते ग्रँड आयलंडचं पॅकेज घेतलं. डॉल्फिन, स्नॉर्केलिंग, मासे पकडणं, जेवण, "अनलिमिटेड बियर" आणि स्कूबा, व्हिडिओसकट. बोटीवर चाळीसेक माणसं, सकाळी नऊ वाजताच बियरचे कॅन फुटायला सुरुवात, गाणी फुल आवाजात. एक फॉर्म सगळ्यांच्या हातातून फिरला, सही करा, सही करा, पुढे द्या. त्या फॉर्मवर दम्याबद्दल प्रश्न होता. नवऱ्याला लहानपणी दमा होता, पंप घ्यायचा तो. पण मागच्याने पेन मागितलं म्हणून याने न वाचता सही ठोकून दिली आणि वाचून घेणारंही कोणी नव्हतं. मग एकेकाला पाठीमागून सिलेंडरला धरून, मांजरीने पिल्लाला मानेला धरावं तसं, चारेक मीटर खाली नेलं, हातात पाटी देऊन फोटो काढला आणि दहा मिनिटांत वर. नवरा वर आला तेव्हा मास्कमध्ये नाकाखाली थोडं रक्त होतं. "होतं असं पहिल्यांदा," म्हणाले, आणि पुढच्याला घेतलं.

नंतर कळलं की रक्त का आलं. आपण खाली जातो तसा मास्कमधल्या हवेवरही दाब येतो, ती आक्रसते आणि मास्क तोंडाला जळवेसारखा चिकटून ओढायला लागतो. नाकातून थोडीशी हवा मास्कमध्ये सोडली की संपलं. एका वाक्यात सांगता येणारी गोष्ट, पण सांगायला वेळ कोणाकडे होता. मी असं नाही म्हणत की पहिल्यांदा ट्राय करणाऱ्यांनी ट्राय करूच नये, नीट सेंटरवर दोन-चार जणांमागे एक इन्स्ट्रक्टर असतो, आधी उथळ पाण्यात तासभर शिकवतात आणि १२ मीटरच्या खाली नेत नाहीत, ते ठीक आहे. पण बियरच्या शेजारी स्कूबा ठेवलेला दिसला की उठून चालायला लागा.

मजा अशी की त्या दहा मिनिटांनीच मला येड लावलं. गढूळ हिरवट पाणी, हाताची बोटं जेमतेम दिसतायत, आणि एका खडकाच्या कपारीत एक लायनफिश, पंख पसरून, जराही न हलता, मूर्तीच्या मागे प्रभावळ असते ना तसा. मला सिलेंडर धरून फिरवणाऱ्याने तेवढ्यात वळवलं. मला तो मासा अजून बघायचा होता. बस, एवढंच कारण आहे या सगळ्या खर्चाचं.

नवरा म्हणाला तू कर, मी बोटीवर बसतो. आता दहा वर्षं झालेल्या लोकांना कळेल, "तू कर, मी बसतो" याचा अर्थ काय असतो आणि त्यावर काय उत्तर द्यायचं नसतं. मी काही बोलले नाही. महिन्याभराने तोच म्हणाला, नीट शिकवत असतील तर बघू.

मग प्रश्न आला शिकायचं कुठे. सगळे म्हणतात थेट अंदमानात जा, नाहीतर थायलंडला को ताओला जा, स्वच्छ पाणी, तिथेच कोर्स करा. आम्ही वहीत मांडून बघितलं. ओपन वॉटर म्हणून जो पहिला कोर्स असतो, ज्याच्यावर जगात कुठेही १८ मीटरपर्यंत जाता येतं, त्याला तीन ते चार दिवस लागतात, थिअरी, स्विमिंग पूल किंवा तसलंच शांत पाणी, आणि समुद्रात चार डाईव्ह. सात दिवसांच्या सुट्टीतून जायचे-यायचे दिवस काढले, शेवटचा कोरडा दिवस काढला (त्याच्यावर येतेच), तर उरतं काय? निळ्याशार पाण्याच्या तळाशी गुडघे टेकून मास्क काढा, मास्क घाला. आणि दोघांतला एक मागे राहिला, कोणाचा कान अडला, कोणी घाबरलं, तर दुसऱ्याने एवढे पैसे भरून काठावर शहाळं पीत बसायचं आणि संध्याकाळी जेवताना "काही हरकत नाही गं" म्हणायचं. तसल्या "काही हरकत नाही"ने सुट्टीची वाट लागते. म्हणून ठरवलं, शिकायचं घरी, गोव्यातच, दोन वीकेंडला तोडून, कोणाला जास्त वेळ लागला तर तिसरा वीकेंड. फिरायला जायचं ते शिकून झाल्यावर.

गोव्याचं पाणी खराब, दिसत नाही काही, हे खरं आहे. मांडवी आणि झुवारी दोन्ही नद्यांचा गाळ डाईव्हच्या जागेजवळच येतो, पावसाळा संपल्या-संपल्या तर चहात बुडी मारल्यासारखं असतं. जून ते सप्टेंबर बंदच. डिसेंबरनंतर जरा बरं, आम्हाला एक दिवस पाचेक मीटर दिसलं तर इन्स्ट्रक्टर खूश होता. पण त्याचंच म्हणणं आम्हाला पटलं की इथे जोडीदाराला नजरेआड होऊ न देता डाईव्ह करता आली तर पुढे कुठेही सोपं जातं. खर्च माणशी ३० हजारांच्या आसपास आला. मोठा आकडा आहे, गुपचूप सांगते, सासूबाईंना अजून निम्माच सांगितलाय.

यावेळी फॉर्म आम्ही घरी बसून, चष्मा लावून वाचला. दमा, हृदय, फिट येणे, सायनस, कानाचं ऑपरेशन, मधुमेह. बायकांसाठी एक प्रश्न असतो, गरोदर आहात का किंवा प्रयत्न करताय का, तिथे हो असेल तर डाईव्हिंग नाही, विषय संपला, आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने याच कारणाने ट्रिप पुढे ढकलली आणि बरोबर केलं. नवऱ्याच्या दम्यापायी डॉक्टरकडे फेरी झाली, फुंकायची टेस्ट झाली, त्यांनी बारावीनंतर पंप घेतला नाहीये ना याची तीनदा खात्री करून सही दिली. ती सही मिळाली नसती तर? तर प्लॅन तिथेच बदलला असता, आणि तिकिटं काढायच्या आधी बदलला असता. फॉर्म पहिला भरा, बुकिंग नंतर, हे मी सगळ्यांना सांगते आणि सगळे उलटं करतात.

आता मिशी. हा भाग कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. नवऱ्याची मिशी भरघोस आहे, लग्नाच्या अल्बमपासून तीच, सासऱ्यांचीही तशीच, म्हणजे घराण्याचं चिन्ह म्हणा. मास्कची सिलिकॉनची कड वरच्या ओठावर टेकते, तिथे केस आले की कड बसत नाही आणि थेंब थेंब पाणी आत शिरत राहतं. पहिल्या दिवशी पूलमध्ये हा दर दोन मिनिटांनी नाकाने फुंकून पाणी काढत होता. इन्स्ट्रक्टर अंगोद (कारवारचा पोरगा, पंचविशीतला) मोठ्या अदबीने म्हणाला, "सर, सगळी नको, फक्त नाकाखालची एक बारीक रेघ काढा, कड टेकेल एवढी." संध्याकाळी बाथरूममध्ये अर्धा तास गेला. बाहेर आला तेव्हा मिशी जागेवर होती पण नाकापासून जरा सुटल्यासारखी, नाटकात डिंकाने चिकटवलेली असते ना, तशी. मी हसू दाबलं. सासूबाईंनी दाबलं नाही.

माझं उलट. मला वाटत होतं मी विहिरीत पोहलेली, मला काय शिकवणार. २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं ही टेस्ट मी गप्पा मारत दिली, नवरा धापा टाकत कसाबसा. पण मग पाण्याखाली मास्क पूर्ण काढून परत घालायचा आला आणि मी फसले. डोळे मिटलेले, नाक उघडं, तोंडातल्या रेग्युलेटरमधून श्वास घ्यायचा. विहिरीतल्या माणसाची खोड काय, नाकात पाणी गेलं की श्वास रोखायचा आणि वर सूर मारायचा. डाईव्हिंगमध्ये नेमकं हेच करायचं नसतं, श्वास रोखून वर यायचं नाही, छातीतली हवा वर येताना फुगते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते, पहिला नियमच तो. मी दोनदा उसळी मारून वर आले, नशिबाने निभावलं. आणि हा, गुडघ्याच्या वर न जाणारा माणूस, खाली मांडी घालून बसल्यासारखा बसून मास्क काढून, परत घालून, फुंकून, ओके ची खूण करून मोकळा. कारण त्याला कसलीच सवय नव्हती, सांगितलं तसं केलं. तिसऱ्या वेळी मला जमलं, पण त्या दिवशी गाडीत मी फार बोलले नाही.

तेव्हा मला कळलं की "जो स्लो आहे त्याच्या हिशोबाने प्लॅन करा" असं म्हणतात ते बरोबर आहे, पण स्लो कोण हे घरी बसून ठरवता येत नाही. पूलमध्ये मी, समुद्रात तो.

समुद्रात त्याचे कान. बोटीतून दोर सोडलेला असतो, तो धरून खाली जायचं. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, कानात टक् होतं, मग अर्धा मीटर खाली, परत फुंकायचं. दुखायच्या आधी फुंकायचं, दुखल्यावर नाही, दुखायला लागलं की नळी आधीच दबलेली असते आणि जोर लावला तर पडद्याला इजा. आणि गंमत म्हणजे सगळा त्रास वरच्या दहा मीटरमध्येच जास्त, कारण पहिल्या दहा मीटरला दाब दुप्पट होतो, एकाचे दोन, पुढच्या दहाला दोनाचे तीन. हा तीन मीटरवर अडला. मी त्याच्या समोर, दोराच्या पलीकडे, हातभर अंतरावर. बघते तर याने बोट कानाकडे नेऊन हात आडवा हलवला, म्हणजे गडबड आहे. अंगोदने त्याला मीटरभर वर घेतलं. थांबले. मान एका बाजूला वाकवून फुंकलं. परत खाली. परत अडला. डोळे मास्कमागे मोठे मोठे दिसतात, पाण्यात सगळंच जवळ आणि मोठं दिसतं, त्यामुळे घाबरलेला माणूस दुप्पट घाबरलेला वाटतो. माझ्या मनात आलं, आता हा अंगठा वर करणार. अंगठा वर म्हणजे "मस्त" नव्हे, अंगठा वर म्हणजे वर चला, पूलमध्ये पहिल्या दिवशी अंगोदने "कसं वाटतंय" विचारलं तर याने आनंदाने अंगठा दाखवला होता आणि त्याला लगेच वर काढला होता. पण यावेळी नाही केला. सहा मिनिटं लागली तीन मीटरवरून पाच मीटरवर जायला. मग एकदम डावा कान सुटला असावा, कारण त्याचे खांदे खाली आले. त्या सहा मिनिटांत मी काय केलं तर काही नाही, दोर धरून लटकले. याच्याइतकं अवघड काम नाही.

सर्दी होती त्याला, आदल्या रात्री नाक बंद म्हणून गोळी घेतली होती आणि सांगितलं नव्हतं. अंगोद चिडला. गोळीचा असर खालीच उतरला तर वर येताना कान अडतात, आणि वर तर यावंच लागतं. म्हणून आता आमच्या ट्रिपमध्ये एक दिवस चक्क "सर्दीचा दिवस" म्हणून धरलाय. कोणाला सर्दी झाली तर त्या दिवशी डाईव्ह सोडून अंदमानातल्या राधानगर बीचवर लोळायचं.

दुसरं म्हणजे हवा. सिलेंडरमध्ये ऑक्सिजन असतो असं आमच्या अख्ख्या खानदानाला वाटतं, तो नसतो, साधी हवाच असते, दाबून भरलेली, २०० बारपर्यंत. नवरा भराभर श्वास घेतो. त्याचा काटा ७० वर आला तेव्हा माझा १२० वर होता, आणि जोडी म्हणजे जोडी, एकाची हवा संपत आली की दोघांनी वर यायचं. मला राग आला, खोटं कशाला बोलू. समोर खडकाखाली एवढा मोठा गोबरा मासा तोंड उघडून बसलेला (हा बाजारात कितीला गेला असता हा विचार दोघांच्याही मनात एकाच वेळी आला, नंतर बोटीवर कळलं) आणि मला वर चला. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, अंगात साठलेला नायट्रोजन जरा निघून जावा म्हणून, ती तीन मिनिटं मी त्याच्याकडे पाठ करून काढली. इन्स्ट्रक्टरच्या नजरेतून सुटलं नाही. दुसऱ्या डाईव्हला त्याने आम्हाला फोडलं, मला एका नागपूरच्या मुलीबरोबर दिलं आणि नवऱ्याला स्वतःबरोबर घेतलं. म्हणाला, नवरा-बायको एकमेकांना शिकवायला जातात, पायातले पंख असे मार, हात हलवू नको, आणि त्यात दोघांची हवा जाते. फोडल्यावर नवऱ्याची हवा दहा मिनिटं जास्त पुरली. याचा अर्थ काय काढायचा तो काढा.

एकमेकांची सामग्री तपासणं मात्र आम्हीच करतो, ते आम्हाला छान जमतं. जॅकेटात हवा भरते का, वजनाचा पट्टा, क्लिपा, सिलेंडर उघडलाय का, दोन श्वास घेऊन काटा हलत नाही ना. घराबाहेर पडताना गॅस बंद, गीझर बंद, मागची कडी घातली, असं आम्ही दारात उभं राहून मोठ्याने म्हणतो, त्याच चालीवर.

आणि घाट. हे तर मला कोणीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या वीकेंडला रविवारी दुपारी साडेबाराला आमची शेवटची डाईव्ह झाली, आणि सोमवारी अकराला बेळगावला नणंदेच्या बाळाचं बारसं. आमचा प्लॅन सरळ होता, बोगमाळ्याहून घरी, आंघोळ, सासू-सासऱ्यांना घेऊन संध्याकाळी चोर्ला घाटातून बेळगाव. बोटीवर सहज बोलले तर अंगोद म्हणाला, "मॅडम, आज घाट नाही." विमानाचं माहीत होतं, एकच डाईव्ह असेल तर १२ तास, जास्त असतील तर निदान १८ तास विमानात बसायचं नाही. पण घाट? चोर्ला साधारण ८०० मीटर उंच आहे, बेळगावही त्याच उंचीच्या जवळपास. घाटात वेफर्सचं पाकीट कसं टम्म फुगतं, तसंच अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचं, बाहेरचा दाब कमी झाला की बुडबुडे व्हायची भीती. त्याने विमानाचाच नियम घाटाला लावला आणि आम्ही ऐकलं. १८ तास मोजले तर सोमवारी सकाळचे साडेसहा. सातला निघालो, दहाच्या सुमाराला पोचलो, पाळणा सजवायच्या वेळी वन्सं आमच्याशी बोलत नव्हत्या. सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "ह्यांच्या अंगात नायट्रोजन भरलाय म्हणून उशीर झाला," आणि एक मावशी माझ्यापासून जरा लांब सरकून बसल्या.

हे विनोदाचं झालं, पण घाटावरून गोव्यात किंवा मालवणला येऊन सकाळी डाईव्ह आणि त्याच रात्री आंबोलीतून परत, असं करणारे किती असतील विचार करा. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुणे, सगळेच घाटावरचे. पहिल्या दिवशी डाईव्ह ठेवा, किल्ला-देऊळ-खरेदी शेवटच्या दिवशी. सगळे नेमकं उलटं करतात, आधी देवदर्शन आणि जाता जाता डाईव्ह.

जागा ठरवताना आम्ही बरंच भटकलो, कागदावर. जवळ नेत्राणी आहे, मुरुडेश्वरच्या समोर, किनाऱ्यापासून १९ किलोमीटर, मडगावहून कोकण रेल्वेने सकाळी बसलो की जेवायच्या आत मुरुडेश्वर, पाणी गोव्यापेक्षा पुष्कळ स्वच्छ, तिथे आम्ही जानेवारीत रंगीत तालीम म्हणून दोन दिवस जाणार आहोत. मालवण-तारकर्ली मला मनापासून आवडतं पण ते आम्हाला घरच्यासारखं, सुट्टी वाटत नाही. लक्षद्वीपला परमिटची भानगड, नवऱ्याला कागदपत्रं ऑफिसात पुरतात. मालदीवचं एकच सांगते, मांटा रे मासे बघायचे म्हणून सगळे हनिफारू बेचं नाव घेतात, तिथे सिलेंडर लावून उतरताच येत नाही, फक्त स्नॉर्केलिंग, आणि सीझन साधारण जून ते नोव्हेंबर. आम्हाला रजा फेब्रुवारीत. बाली याच्या उलट, आपल्याकडे दर्या बंद असतो तेव्हा, जुलै-ऑगस्टला, तिथे कोरडे दिवस असतात, तुलांबेनला दुसऱ्या महायुद्धातलं लिबर्टी नावाचं जहाज किनाऱ्यापासून पोहत जाण्याइतकं जवळ बुडालेलं आहे. ते पंधराव्या वर्षासाठी ठेवलंय.

फेब्रुवारीला अंदमान उत्तम. हॅवलॉक, आता स्वराज द्वीप. प्लॅन आम्ही शेवटून पुढे केला. सातव्या दिवशी दुपारचं विमान पोर्ट ब्लेअरहून (त्याचंही नाव आता श्री विजय पुरम). म्हणजे सहावा दिवस पूर्ण कोरडा, सकाळच्या फेरीबोटीने परत. हा कोरडा दिवस फुकट जातो म्हणून लोक कुरकुरतात, आमच्याकडे सासऱ्यांनी तो आधीच बुक केलाय. "तिथपर्यंत जाताय तर सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीला नमस्कार करून या, आणि घाईत नाही, नीट." सातातल्या तीनच इमारती उरल्यात त्या जेलच्या. मग पाचव्या दिवशी फक्त सकाळच्या दोन डाईव्ह, तिसऱ्या-चौथ्याला दोन-दोन, दुसऱ्या दिवशी एकच, उथळ, सराव म्हणून, तिथल्या इन्स्ट्रक्टरने आम्हाला बघावं आणि आम्ही त्याला. सर्दीचा दिवस या चारांतूनच कापायचा, म्हणजे सात डाईव्हच्या पाचच झाल्या तरी चालतील असं आधीच ठरलंय. जॉनीज गॉर्ज, डिक्सन्स पिनॅकल ही तिथल्या डाईव्हच्या जागांची नावं मी पाठ केलीयत पण त्यातल्या खोल भागासाठी ३० मीटरवाला पुढचा कोर्स लागतो आणि तो आम्ही या खेपेला करणार नाही आहोत. नवऱ्याला जमेल. मलाच नकोय.

बोटी पहाटे सुटतात कारण तिथे घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य फार लवकर येतो आणि साडेपाचला संध्याकाळ संपलेली असते. एका हॉटेलवाल्याने कपल आहात म्हणून "सनसेट कँडल लाइट डिनर" दिलंय, ते बहुतेक चहाच्या वेळी असेल.

बाकी किरकोळ. मास्क दोघांनीही स्वतःचे घेतले, माझ्यात चष्म्याच्या नंबरच्या काचा बसवल्या, बाकी सगळं भाड्याचं. मास्कवर धुकं येऊ नये म्हणून आत थुंकून चोळायचं असतं, हे घरी कोणाला सांगू नका. बोट लागते म्हणून आलेपाक, गोळीने मला झोप येते. इन्शुरन्स वेगळा डाईव्हिंगचा, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत स्कूबा बारीक अक्षरात वगळलेला सापडला आम्हाला. सेंटरला फोन करून तीन गोष्टी विचारल्या, एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण, बोटीवर ऑक्सिजन (हा खरा ऑक्सिजन, औषधाचा) असतो का, आणि काही झालं तर जवळचा प्रेशर चेंबर (अंगातल्या बुडबुड्यांवर उपचार करायची दाबाची खोली) कुठे. जिथे तिसऱ्या प्रश्नाला "काय मॅडम, काही होत नाही" असं उत्तर आलं तिथे पुढे बोलले नाही. पाळीच्या तारखा मोजून बसू नका, त्या दिवसांतही डाईव्ह करता येते, बरं वाटत असेल तर. आणि आदल्या रात्री बियर नाही, गोव्याच्या माणसाला हे सांगावं लागतं.

मिशीचं अजून ठरलेलं नाही. रेघ परत भरून आलीय आणि मधे एक लग्न आहे त्याच्या चुलतभावाचं, फोटो निघणार, म्हणून तो म्हणतोय लग्नानंतर काढतो. इन्स्ट्रक्टरने सांगितलंय कानाचा सराव मात्र चालू ठेवा, रोज, अगदी हळू. त्यामुळे गेले दोन आठवडे रात्री लाइट घालवल्यावर शेजारून नाक चिमटीत धरल्याचा आवाज येतो, मग जरा शांतता, मग "उजवा झाला." मी वाट बघते. डावा अजून वेळ घेतोय.